साठ पिनांचा टीव्ही गेम पुन्हा चालू करताना

आमच्याकडे या डब्याला एक नाव कधीच नव्हतं. कुणी टीव्ही गेम म्हणे, कुणी कॅसेटवाला गेम. खोक्यावरचं नाव दर डब्यागणिक वेगळं, बनवणाऱ्याचा पत्ता कुठेच नाही. आत मात्र यंत्र एकच: निन्टेन्डोने १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये विकायला काढलेल्या फॅमिकॉमची नक्कल. मूळ फॅमिकॉम आमच्या वर्धा जिल्ह्यात, आर्वी-पुलगावकडे कुणी पाहिलेला नाही, तरी मारिओ, काँट्रा आणि टँक हे गेम गावागावात ठाऊक आहेत ते या नकलेमुळे. जुन्या गेमबद्दल लिहिणारे तिला ‘नकली माल’ म्हणून एका ओळीत निकालात काढतात. मला ते पटत नाही. इतक्या वर्षांनीही लोक माळ्यावरून डबा उतरवतात, भंगारवाल्याला न देता ‘भाऊ, चालू होते का पाहून दे ना’ म्हणून घेऊन येतात, त्यात काहीतरी आहेच.

गेल्या उन्हाळ्यात असा एक डबा पूर्ण उभा केला. काय केलं आणि कुठे अडलं, ते लिहितो.

आधी वीज. डबा हातात आला की अ‍ॅडॅप्टर लावून बघायचा मोह होतो, तो आवरा. या डब्यांना ९ व्होल्ट डीसी लागतो आणि बहुतेकांत पिनीच्या आतला भाग ऋण, बाहेरचा धन असतो. आज घरात पडलेले वायफायच्या डबीचे अ‍ॅडॅप्टर बरोबर उलटे, आत धन. पीन मात्र तंतोतंत बसते. माझ्याकडे आलेला डबा असाच गेला होता. आधी कुणीतरी उलटा अ‍ॅडॅप्टर लावला, आत संरक्षणाचा डायोड नव्हता, आणि येणारी वीज ५ व्होल्टवर आणणारा ७८०५ हा रेग्युलेटर मेला. डब्याच्या पाठीवर छोटं चिन्ह असेल तर ते पाहा, नसेल तर उघडून मीटरने तपासा: सॉकेटचा कोणता टोक बोर्डाच्या ग्राउंडला जातो, ते कळलं की प्रश्न मिटला.

७८०५ तपासणं सोपं आहे. छापील बाजू आपल्याकडे धरली की डावा पाय आत येणारी वीज, मधला ग्राउंड, उजवा ५ व्होल्ट. माझ्या डब्यात डाव्या पायावर ११.८ व्होल्ट आणि उजव्यावर जवळपास काहीच नाही. नवा रेग्युलेटर लावण्याआधी वीज काढून उजवा आणि मधला पाय यांच्यात रोध मोजायचा. तो शून्याला टेकला असेल तर पुढे चिप किंवा कपॅसिटर शॉर्ट आहे, आणि नवा ७८०५ लावून उपयोग नाही. इथे तसं नव्हतं. चहाच्या किमतीत भाग आला, लावला, ५.०२ व्होल्ट मिळाले. उजव्या पायावर डाव्याइतकाच व्होल्टेज दिसला असता तर मात्र ती वाईट बातमी, कारण मग ती सगळी वीज चिपमध्ये गेलेली असते.

अ‍ॅडॅप्टरवर ९ लिहिलेलं असून मीटर १२-१३ दाखवतं, त्याने घाबरू नका. जुना ट्रान्सफॉर्मरवाला अ‍ॅडॅप्टर भाराशिवाय तेवढं दाखवतोच. पण रात्री शेतातले मोटरपंप बंद झाले की घरातला व्होल्टेज आणखी वर जातो, आणि वरचा प्रत्येक व्होल्ट ७८०५ उष्णता म्हणून बाहेर टाकतो. माझा डबा २८० मिलिअँपिअर घेतो. ९ व्होल्टवर साधारण १.१ वॅट उष्णता, १३ वर २.२, म्हणजे सरळ दुप्पट. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना हा फरक जीवघेणा. म्हणून जुनी वाळलेली पेस्ट खरवडून नवी लावली आणि अ‍ॅल्युमिनियमची पट्टी दुप्पट मोठी केली. अर्ध्या तासाने चित्र थरथरायला लागत असेल तर आधी इथेच बोट ठेवून बघा.

कपॅसिटरचं एक लक्षण लक्षात ठेवण्यासारखं आहे. पडद्यावर दोन आडवे काळपट पट्टे हळूहळू सरकताना दिसले की गाळणीचा मोठा कपॅसिटर वाळला. पट्टा एकच असेल तर अ‍ॅडॅप्टरमधला एखादा डायोड गेला. चारही डायोड चालू असताना विजेतली लहर सेकंदाला १०० वेळा येते, एक गेला की ५० वेळा, आणि आपला पडदा सेकंदाला ५० वेळा रंगतो. १००० मायक्रोफॅरड, १६ व्होल्टचा जुना काढून २५ व्होल्टचा, १०५ अंशांवर चालणारा लावला. पट्टे गेले.

आता चित्र. खरं काम इथेच असतं.

डबा उघडल्यावर दोन प्रकार दिसतात. एकात काळ्या डांबरासारखा एकच गोळा असतो, सगळा संगणक त्याच्याखाली. दुसऱ्यात ४० पायांच्या दोन मोठ्या चिप असतात, ६५२७ आणि ६५३८. पहिली डोकं आणि आवाज सांभाळते, दुसरी चित्र. हे दुसरे जास्त जुने आणि जास्त दुरुस्त होण्याजोगे. माझा डबा दुसऱ्या प्रकारचा निघाला तेव्हा फार आनंद झाला. बाजूला यंत्राला ठोका देणारा चकचकीत क्रिस्टल असतो, त्यावरचा आकडा वाचा. २६.६०१ असेल तर यंत्र भारतातल्या टीव्हीच्या पाल पद्धतीचं. २१.४७७ असेल तर ते जपान-अमेरिकेच्या एनटीएससी पद्धतीचं, आणि जुन्या भारतीय टीव्हीवर ते कृष्णधवल दिसेल किंवा चित्र फिरत राहील. तो बिघाड नाही. त्यात दिवस घालवू नका.

डब्यातून मुळात चित्र निघतं ते अँटेनाच्या वायरवरून. पत्र्याच्या छोट्या डबीतला मॉड्युलेटर चित्राचं चॅनल बनवतो. त्यात एक जुनी गोम आहे: भारतातले टीव्ही आवाज चित्रापासून ५.५ मेगाहर्ट्झवर शोधतात, चीनमधले ६.५ वर. चिनी बाजारासाठी बनलेला मॉड्युलेटर असला की चित्र स्वच्छ येतं आणि आवाजाच्या जागी नुसती खरखर. कितीही ट्यूनिंग केलं तरी ती जात नाही. त्यामुळे मॉड्युलेटर सोडून थेट पिवळ्या-पांढऱ्या पिनीवर चित्र-आवाज काढणं मला सगळ्यात योग्य वाटतं.

६५३८ चिपची अर्धगोल खाच वर धरली की डावीकडे वरून खाली १ ते २०, आणि उजवीकडे सगळ्यात खालचा पाय २१ वा. चित्र तिथून निघतं. ते सरळ टीव्हीला जोडलं तर अगदी फिकं येतं, कारण त्या पायात टीव्हीचा ७५ ओहमचा भार ओढायची ताकद नाही. मध्ये बीसी ५५७ सारखा एक पीएनपी ट्रान्झिस्टर लागतो, त्याचे तीन पाय बेस, कलेक्टर आणि एमिटर. २१ व्या पायाची वायर बीसी ५५७ च्या बेसला. कलेक्टर ग्राउंडला. एमिटरला ५ व्होल्टकडून ३०० ओहम. त्याच एमिटरवरून ११० ओहम, पुढे २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, धन टोक एमिटरच्या बाजूला, आणि ऋण टोकाकडून पिवळी पीन. बस, एवढेच भाग.

मी अडलो ते ट्रान्झिस्टरवर. तालुक्याच्या दुकानात बीसी ५५७ नव्हता, त्याऐवजी २एन३९०६ मिळाला. चालतो, पण पाय उलटे. सपाट बाजू समोर धरली तर बीसी ५५७ चे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. २एन३९०६ चे एमिटर, बेस, कलेक्टर. सवयीने पहिल्यासारखा लावला. चित्र आलं, पण धुक्यातून पाहिल्यासारखं. ट्रान्झिस्टर उलटा लागला तरी थोडंफार काम करतो, त्यामुळे चूक लवकर सापडत नाही. पूर्ण काळा पडदा असता तर पाच मिनिटांत कळलं असतं. पाय फिरवल्याबरोबर मारिओचं आकाश खरं निळं झालं.

तरीही उभ्या फिक्या रेघा राहिल्या. चित्राचा पट्टा बोर्डावर डेटाच्या पट्ट्यांना खेटून मॉड्युलेटरपर्यंत जातो, त्यांचा गोंगाट त्यात मिसळतो. २१ वा पाय त्या पट्ट्यापासून सोडवला, बोटभर लांबीची जाळीची वायर वापरली आणि चिपच्या ५ व्होल्ट-ग्राउंडमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर दिला. रेघा जवळपास गेल्या. पूर्ण जात नाहीत, या यंत्राची ती खूणच आहे.

गोळ्यावाल्या डब्यात २१ वा पाय सापडत नाही. तिथे मॉड्युलेटरकडे जाणाऱ्या चार वायरी बघा: वीज, ग्राउंड, चित्र, आवाज. तिथूनच घ्यायचं.

पांढऱ्या पिनीवर आवाज १० मायक्रोफॅरडमधून घेतला आणि काहीच ऐकू आलं नाही. कारण शेवटी कॅसेटमध्ये सापडलं. फॅमिकॉमच्या रचनेत आवाज यंत्रातून थेट बाहेर पडत नाही. तो ४५ व्या पिनीवरून कॅसेटमध्ये जातो आणि ४६ व्या पिनीवरून परत येतो. जपानमधल्या काही कॅसेटमध्ये जादा आवाजाची चिप असे, तिच्यासाठी ही वाट. साध्या कॅसेटमध्ये या दोन पिना पट्टीने जोडलेल्या असतात. एका बाजूच्या तीस पिनांपैकी बरोबर मधल्या दोन, कुठूनही मोजा. त्या दोन काळ्या पडल्या की चित्र ठणठणीत आणि गेम मुका. काही नकलांनी ही वाट आतूनच बंद केली आहे, माझ्या डब्याने नव्हती केली. म्हणून आवाज नाही म्हणत बोर्ड उकलण्याआधी दुसरी कॅसेट लावून बघा.

कॅसेट पुसायला पांढरं खोडरबर, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापूस. पॉलिश पेपर अजिबात नको, पिनांवरचा मुलामा जातो आणि पुढच्या पावसाळ्यात त्या हिरव्या पडतात. फुंकर मारायची आपली सगळ्यांची सवय, पण थुंकीच्या ओलाव्याने तेच होतं. फुंकर मारून गेम चालू होई तो कॅसेट काढून पुन्हा बसवल्यामुळे. गेम नीट चालतो, आवाजही बरोबर, पण अक्षरांच्या जागी भलतेच ठोकळे दिसतात, तर चित्राच्या मेमरीच्या पिना मळल्या आहेत. नुसता एकरंगी पडदा आला तर प्रोग्रॅमच्या. दोन्ही मेमरी वेगवेगळ्या वाटांनी जातात, त्यामुळे लक्षणंही वेगळी.

रिमोटबद्दल, म्हणजे हातात धरून खेळायच्या बटणांच्या डबीबद्दल, थोडक्यात. आत पाच वायरी: वीज, ग्राउंड, लॅच, क्लॉक, डेटा. सगळी बटणं मेली तर वायर तुटली, बहुधा पिनीजवळच्या चार बोटांत. एकच मेलं तर रबराखालचा कार्बन गेला. टीव्हीच्या मोडक्या रिमोटचा कार्बन कापून चिकटवला की चालतं. नऊ पिनांचा सॉकेट दिसला म्हणून सेगा या दुसऱ्या कंपनीच्या गेमचा रिमोट त्यात घालू नका, आकार सारखा असला तरी जोडणी वेगळी आहे. गेमची बंदूक फक्त जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीवर चालते, कारण घोडा दाबल्यावर त्याच क्षणी पडद्यावर आलेला पांढरा चौकोन तिला दिसावा लागतो. एलसीडी तो उशिरा दाखवतो. बदकांच्या शिकारीच्या गेमसाठी घरातला काचेचा टीव्ही सांभाळून ठेवा, पण त्याची पाठ उघडू नका, बंद असतानाही नळीत हजारो व्होल्ट राहतात.

भारनियमनात हा डबा पॉवर बँकेवर चालतो. यूएसबीचे ५ व्होल्ट ७८०५ च्या उजव्या पायाला आणि ग्राउंड मधल्या पायाला, मात्र तेव्हा अ‍ॅडॅप्टर काढलेला हवा. गोळ्यावाले डबे इतकी कमी वीज घेतात की काही पॉवर बँका भार नाही समजून स्वतःच बंद होतात. दोन चिपवाल्याला ही अडचण आली नाही.

‘हेच गेम मोबाइलवर फुकट आहेत, मग एवढी खटपट कशाला’ असं विचारणाऱ्यांना मी दोन्ही शेजारी लावून दाखवतो. मोबाइलवरचा मारिओ घाईत असतो. तो जपान-अमेरिकेच्या ६० चित्रांच्या वेगाने पळतो, आपला डबा ५० च्या. म्हणजे आपण जो मारिओ शिकलो तो सहाव्या हिश्शाने संथ होता, आणि उडी कधी मारायची हे आपल्या अंगठ्याला त्याच वेगात माहीत आहे. नकलेचा क्लॉक, म्हणजे चिपच्या कामाचा ठोका, १.७७३ मेगाहर्ट्झ आणि मूळचा १.७९० असल्यामुळे स्वर जवळपास तोच राहतो, फक्त लय सैल होते. दुसरा फरक कानाचा. अनेक ६५२७ चिपमध्ये चौकोनी लहरीचे २५ आणि ५० टक्क्यांचे प्रकार (लहर किती वेळ वर राहते त्यावरून) आपसात बदललेले आहेत. ज्या जागी मूळ यंत्र बारीक, नाकातला आवाज काढतं तिथे आपला डबा भरीव काढतो, आणि उलट. ही चूकच आहे. पण काँट्राची सुरुवातीची धून तशीच ऐकून मोठ्या झालेल्या माणसाला मूळ यंत्राची धून परकी वाटते. ‘हे ते नाही’ असं तो म्हणतो आणि त्याचं बरोबर असतं. म्हणून चिप मेली असेल तर मी तिच्या जागी तीच जुनी शोधतो.

पाऊस लागण्याआधी एकच काम उरलं होतं. कॅसेटचं तोंड आणि हवेच्या फटी उघड्या राहिल्या की मुंग्या आणि पाली आत घर करतात. फटींना आतून बारीक जाळी चिकटवली, तोंडावर पुठ्ठ्याची झापडी केली, आणि कॅसेटी औषधाच्या बाटल्यांतल्या ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसह स्टीलच्या डब्यात ठेवल्या. एक तेवढी बाहेर आहे, टँकची. १९८५ सालचा नामकोचा गेम, सगळा मिळून २४ किलोबाइटचा, ३५ पातळ्या. त्यात विटांच्या आडचा आपला गरुड शत्रूच्या टँकपासून वाचवायचा असतो. शेजारचे दोघे भाऊ, दोघेही चाळिशीतले, संध्याकाळी बैलांना चारापाणी करून येतात आणि पडद्यावर गरुड दिसताच एक म्हणतो, ‘मी विटा सांभाळतो, तू वर जा बे.’