पाऊण किलो घार

माझे रविवार दोन जातींचे असतात. एक दुर्बिणीचा आणि एक गोणपाटाचा. दुर्बिणीच्या रविवारी मी पहाटे पाचला उठते, कुकर न लावता, आवाज न करता घराबाहेर सटकते. गोणपाटाच्या रविवारी आठला निघते. पिशवीत जुने टॉवेल, फाटक्या चादरी, सासूबाईंनी मोडीत काढायला ठेवलेली वर्तमानपत्रं. घोडबंदर रोडच्या आतल्या बाजूला प्राण्यांचं एक शेल्टर आहे, तिथे जाते आणि दुपारी अशा वासाची परत येते की नवरा दार उघडून दोन पावलं मागे सरकतो आणि नुसतं बाथरूमकडे बोट दाखवतो. सासूबाईंचा प्रश्न मात्र दोन्ही रविवारांना एकच असतो. "पक्ष्यांसाठी पाचला उठतेस, मग काकड आरतीला काय झालं होतं?" याचं उत्तर माझ्याकडे कधीच नव्हतं.

पक्ष्यांचा नाद बसमुळे लागला. ऐरोलीहून मुलुंडला नोकरीला जायचं म्हणजे रोज खाडीवरचा पूल ओलांडायचा. जाताना डावीकडची खिडकी मिळाली तर डिसेंबर ते मे चिखलावर एक फिकट गुलाबी पट्टा दिसतो. पहिली दोन वर्षं मला ते काहीतरी औद्योगिक वाटत होतं. कुठल्यातरी कारखान्याने रंग सोडला असेल, आपल्याकडे काय अशक्य आहे! एके दिवशी ट्रॅफिकमध्ये बस अडकली, आणि पट्ट्याचं एक टोक उठून उडालं.

फ्लेमिंगोला मराठीत रोहित म्हणतात. हे मी घरी सांगितलं तेव्हा मुलगा म्हणाला, "शर्मा का?" अग्निपंख हे दुसरं नाव जास्त देखणं आहे, आणि पंख उघडले की का ठेवलं ते कळतं. खाडीत थोरला आणि धाकटा असे दोन्ही रोहित येतात. धाकट्याची चोच गडद, थोरल्याची गुलाबी आणि टोकाला काळी. डोकं उलटं करून चिखलपाणी गाळून जेवतात. गुलाबी रंग त्या जेवणातून येतो, पिल्लं राखाडी असतात. २०१५ मध्ये इथे अभयारण्य जाहीर झालं, २०२२ मध्ये ठाणे खाडी रामसरच्या, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत गेली. मोठीच गोष्ट. पण डावीकडच्या खिडकीसाठी बसमध्ये अजूनही तेवढीच मारामारी आहे. उलट वाढली.

भरतीचं गणित मला ऐरोलीच्या जेट्टीवरच्या एका नाखवाकाकांनी शिकवलं. मी मोबाइलमध्ये भरती-ओहोटीचा तक्ता शोधत उभी होते. ते म्हणाले, "आज तिथी कोणती?" मला अर्थातच माहीत नव्हती. "अष्टमी. आठाची पाऊणपट किती? सहा. सहाच्या आसपास भरती. खाडीत आत थोडी उशिरा." तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ. ओहोटीला चिखल उघडा पडतो तेव्हा रोहित पांगून चरतात. भरती चढली की उथळ जागा शोधत सरकतात, त्यातले कितीतरी नेरुळ-सीवूड्सकडच्या पाणथळीत येऊन एका पायावर उभे राहतात. आता कालनिर्णय बघते ती एकादशीसाठी नाही, हे सासूबाईंना कळलेलं नाही. सून अखेर मार्गाला लागली, असा त्यांचा समज आहे. असू दे.

मग ठाण्याजवळचं येऊरचं जंगल आलं. पावसाच्या तोंडावर तिथे नवरंग येतो आणि दोन सुरांची शीळ घालत राहतो. पक्षी दिसायला अर्धा तास, पण शीळ गाडीतूनही ऐकू येते, जर मागच्या गाडीत कोणी मोठ्याने गाणी लावली नसतील तर. स्वर्गीय नर्तक, हळद्या, तांबट, राखी धनेश. वही भरत गेली. दीडशे जाती झाल्या तेव्हा मी स्वतःलाच नवीन दुर्बीण घेऊन दिली. सोसायटीत लोक मला "पक्षीवाल्या" म्हणायला लागले, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडत होतं. इथेच घोड्याने पेंड खाल्ली.

एप्रिलमधली दुपार. वॉचमनकाका वर आले, "मॅडम, खाली पक्षी पडलाय." खाली गेले तर जास्वंदीच्या वाफ्यात लालबुड्या बुलबुलाचं पिल्लू. अर्धवट शेपूट, चोचीच्या कोपऱ्यात अजून पिवळी कड, पंख होते पण भरवशाचे नव्हते. भोवती सात-आठ मुलं आणि दोन मांजरं. मी जमलेल्यांना जात, नर-मादी सारखेच का दिसतात, शेपटीखालचा लाल डाग अजून फिका का, हे सगळं सांगितलं. मग पिल्लू बुटांच्या खोक्यात घातलं. ऊन फार होतं म्हणून ड्रॉपरने चोचीत पाणी सोडलं. ते गुदमरल्यासारखं झालं, मग सावरलं. सासूबाई म्हणाल्या, "माणसाचा हात लागला, आता आई त्याला जवळ करायची नाही." म्हणून रिक्षा केली आणि तासभर घाम गाळत शेल्टर गाठलं.

तिथल्या डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाच्या. खोक्यात डोकावल्या आणि विचारलं, "मोठे बुलबुल होते का आसपास?"

"हो ना, दोन होते. सारखे ओरडत होते."

"तुमच्यावर ओरडत होते," त्या म्हणाल्या. "तुम्ही पळवून आणलंय याला."

मग जे कळलं ते असं. बुलबुलाची पिल्लं नीट उडता येण्याआधीच घरटं सोडतात. काही दिवस अशीच खाली, झुडपात धडपडतात आणि आईबाप तिथेच येऊन भरवतात. मांजर जवळ असेल तर फार तर उचलून जवळच्या फांदीवर ठेवायचं आणि लांब व्हायचं. हात लागला म्हणून आई टाकत नाही. आणि पाणी चोचीत कधीच सोडायचं नाही. पक्ष्याच्या जिभेच्या मुळाशीच श्वासनलिकेचं तोंड असतं, पाणी सरळ आत जातं. ते गुदमरलं म्हणजे काय झालं होतं ते मला त्या टेबलापाशी कळलं. माझ्या वहीत दीडशे जाती होत्या.

"आत्ता लगेच परत नेऊन ठेवा," त्या म्हणाल्या. संध्याकाळची गर्दी, कळव्याचा सिग्नल, मांडीवर खोकं. पोचेपर्यंत साडेसहा झाले. जास्वंदीच्या आतल्या फांदीवर ठेवलं आणि पार्किंगमध्ये एका गाडीआड दडून बसले. वीसेक मिनिटांनी मोठा बुलबुल चोचीत हिरवी अळी घेऊन आला. आधी तारेवर बसून मला पाच मिनिटं शिव्या घातल्या, मग खाली उतरला.

सकाळी पिल्लू तिथे नव्हतं. उडालं असेल असं मी सगळ्यांना सांगितलं. सोसायटीत मांजरं चार आहेत.

पुढच्या रविवारी जुने टॉवेल घेऊन शेल्टरला गेले. प्रायश्चित्त म्हणा हवं तर.

शेल्टरमध्ये मुख्यतः कुत्रे. पक्षी बघायला शिकताना मी जे जे शिकले होते ते तिथे उलटं करावं लागलं. येऊरला हलायचं नाही, भडक रंग नकोत, कुजबुजायचंसुद्धा नाही. आपण तिथे आहोत हे पक्ष्याला कळलंच नाही तर आपण पास. इथे फाटक वाजलं की सत्तर गळे एकदम सुरू होतात आणि प्रत्येकाचं म्हणणं असतं की तू माझ्यासाठीच आली आहेस. दोन हात असतात आपल्याला. एकाला खाजवलं की बाकीचे एकोणसत्तर रुसतात. गोचिडी काढायच्या, औषध लावायचं, फिनाइलने फरशी धुवायची, आणि पुन्हा धुवायची, कारण तुम्ही वळेपर्यंत कोणीतरी आपलं मत नोंदवलेलं असतं. कानाचं टोक कापलेले रस्त्यावरचे कुत्रे नसबंदीनंतर आपापल्या गल्लीत परत जातात, ते पाहुणे. खरे रहिवासी म्हणजे म्हातारे, आंधळे, तीन पायांचे, आणि पट्ट्यासकट सोडून दिलेले. पट्टेवाले फाटकाजवळ बसतात. एक लॅब्रेडोर आहे, त्याला पांढरी गाडी आली की उठून उभं राहायची सवय आहे. ठाण्यात पांढऱ्या गाड्या किती असतील! दिवसभर त्याची उठाबशी चालू.

स्वयंपाक मावशी करतात. एक अवाढव्य पातेलं, त्यात तांदूळ, कोंबडीचे पाय-मुंड्या, भोपळा आणि मूठभर हळद. मीठ नाही. मावशी जवळच्याच गावच्या, वय साठीच्या पुढे, आणि प्रत्येक कुत्र्याशी अखंड बोलतात. कोणाच्या तब्येतीची चौकशी, कोणाला दटावणं, कोणाची लग्नं लावणं. एकदा एक आजी पिंजऱ्यात मिठू घेऊन आल्या होत्या. गावी जायचंय, महिनाभर ठेवून घ्या म्हणाल्या, बावीस वर्षं सांभाळलाय. देशी पोपट पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, हे त्या आजींना कसं सांगायचं यावर आम्ही सगळे एकमेकांची तोंडं बघत होतो. डॉक्टर बोलायला लागल्या. मिठूनेही मध्येच "कोण आहे? कोण आहे?" सुरू केलं. मावशी तोवर आजींसाठी चहा टाकायला गेल्या होत्या. त्यांना माहीत होतं हे लांबणार.

घार आली ती संक्रांतीनंतरच्या रविवारी. नायलॉन मांज्यावर हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी दर जानेवारीत खोकी येतातच. घारी, कबुतरं, बगळे, एखादं घुबड. वन्य पक्षी असला की वन खात्याला कळवायचं, १९२६ नंबर भिंतीवरच लिहिलाय. त्या दिवशी माणसं कमी होती. डॉक्टरांनी टॉवेल माझ्या हातात दिला. "डोक्यावरून टाका, पंख मिटवून घट्ट धरा, पण छातीवर दाब नको. पाय सांभाळा."

घारी मी हजारो पाहिल्या असतील. इतक्या की वहीत लिहायचाही कंटाळा यावा. ऐरोलीच्या आकाशात कधीही वर बघा, दहा तरी असतात. खालून ती केवढी मोठी दिसते! पंख पसरले की हाताच्या दोन्ही टोकांएवढी. टॉवेलमधून हातात आली आणि मला वाटलं काहीतरी चुकलंय, आत काही नाहीच. काट्यावर सातशे चाळीस ग्रॅम. पाऊण किलोसुद्धा भरली नाही. तेवढी तर आपण गवार घेतो.

डोक्यावरचं फडकं मी जरा सरकवलं, बघण्याचा मोह. गडद तपकिरी डोळा, त्यावर आतल्या कोपऱ्यातून एक धुरकट पापणी आडवी सरकली आणि परत गेली. मानेवरची पिसं टोकाला फिकी. वास धूळ आणि वाळलेल्या मासळीचा. नख्यांनी टॉवेल इतका आवळला होता की तो सोडवायला दोघी लागल्या. डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला जी कातडी ताणलेली असते ती मांज्याने चिरली होती, आणि चिरेत दोरा तसाच होता, चमकणारा, हिरवा. हृदय माझ्या तळव्यावर इतकं भराभर आपटत होतं की मोजता येईना. मी म्हणाले, "घाबरू नको हं बाळा."

"बोलू नका," डॉक्टर वर न बघता म्हणाल्या. "कुत्र्याला आवाजाने धीर येतो. हिला वाटतं खाणार आता."

फडकं परत टाकलं. अंधार झाला तशी ती निवळली. टाके पडले.

सात आठवडे घार होती. पहिले चार दिवस खाईना, मग चिमट्याने कोंबडीचे तुकडे, मग ठेवून लांब व्हायचं. मी रविवारी ताटली सरकवून मागे यायची आणि तिने माझ्याकडे बघू नये अशी मनापासून इच्छा करायची, आणि त्याच वेळी एकदा तरी ओळखीचं बघावं असंही वाटायचं. ती बघायची ते असं, की मी ताटली ठेवलीय म्हणून फक्त माझे डोळे काढत नाहीये. खरं नवल मावशींचं. सकाळपासून ज्यांचं तोंड मिटत नाही त्या मावशी घारीच्या पिंजऱ्याजवळून जाताना एकदम गप्प. पदर सावरून, नजर खाली, देवळात प्रदक्षिणा घालतात तशा. पलीकडे गेल्या की पुन्हा सुरू.

मार्चमध्ये सोडली. फोटो काढायचं ठरलं होतं, कोणाचाच नीट आला नाही. खोकं उघडलं, ती काठावर आली आणि गेली. समोरच्या इमारतीच्या टाकीवर बसली, तिथे दोन कावळे लगेच अंगावर आले, मग ती वर चढत गेली. एकूण दीड मिनिट. लॅब्रेडोर उठून उभा राहिला होता, पांढरी गाडी समजून की काय कोण जाणे.

गेल्या गोणपाटाच्या रविवारी पहिल्यांदाच दुर्बीणही बरोबर होती, येऊरहून परस्पर आले होते. भात निवत होता. कोंबडीच्या आशेने वर घारी फिरत होत्या, तशा रोजच असतात. मी सवयीने मोजल्या. वहीत लिहिलं, घार, चौदा. मावशींनी हात पुढे केला, "बगू." दुर्बीण डोळ्याला लावायला त्यांना वेळ लागला, आधी एक डोळा, मग दुसरा, चष्मा वर, चष्मा खाली. मग बराच वेळ त्या आकाशात काहीतरी शोधत राहिल्या.

"ती बगा आपली," त्या म्हणाल्या.

मी पाहिलं. चौदा घारी होत्या, चौदाही सारख्या. कुठली हे मला कळेना. खरं तर मार्चमधली घार आज नेमकी इथे, असं मानायला काही आधारही नव्हता.

"डाव्या बाजूला वळताना जरा तिरपी होते ती. दिसली का?"

"दिसली," मी म्हणाले.

मावशींनी दुर्बीण परत दिली, हात पदराला पुसले आणि पातेल्याचा एक कान धरला. दुसरा मी धरला.