गोळी कधी बंद केली?

मिरजेत माझा इंग्रजीचा क्लास आहे. सकाळी सातला नवशिक्यांची बॅच, दुपारी शाळेतली मुलं, संध्याकाळी सातला नर्सेस. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, कर्नाटकातल्या सीमाभागातूनही पेशंट इथं येतात. साहजिकच नर्सेसही भरपूर आणि त्यातल्या बऱ्याच जणींचं लक्ष इंग्लंड-आयर्लंडकडं. गावाची दुसरी ओळख सतार-तंबोऱ्यांची. गेल्या हिवाळ्यात एका दिवशी या दोन्ही ओळखी माझ्या फळ्यावर एकत्र आल्या. तेव्हापासून मी वह्या वेगळ्या तऱ्हेनं तपासते.

सकाळच्या बॅचला सतारमेकर गल्लीतले एक काका येतात. वय पंचावन्नच्या आसपास, बोटांना पॉलिशचा तांबूस रंग कायमचा बसलेला. त्यांचं इंग्रजी पाचवीत सुरू झालं आणि सातवीत शाळेबरोबरच सुटलं. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली, त्याआधी मराठी शाळेत एबीसीडी पाचवीतच उजाडायची. दुकानात परदेशी गिऱ्हाईक आलं की पुतण्या बोलायचा. काकांना ते खुपत होतं. पहिल्याच दिवशी म्हणाले, "मॅडम, वाद्य मी केलंय आणि सांगतोय तो. त्याला जवारीतलं काय कळतं?"

जवारी म्हणजे घोडीच्या, तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीच्या, माथ्याला कानसीनं घासून दिलेला तो बारीक उतार. तार त्यावर हलकेच टेकत राहते, म्हणून तंबोऱ्याचा स्वर छेडल्यावर लगेच विझत नाही, भरून येतो आणि लांबत जातो. घोडी आणि तार यांच्यामध्ये सुती दोरा सरकवून तो स्वर नेमका जागेवर आणायचा. हे सगळं काकांना स्वतःच्या तोंडानं सांगायचं होतं, तेही इंग्रजीत. एवढी स्वच्छ गरज घेऊन येणारा विद्यार्थी क्वचित भेटतो.

त्या दिवशी ते एक वाक्य घरून घोकून आले होते. उभे राहून म्हणाले, "आय ॲम मेकिंग तंबोरा सिन्स थर्टी इयर्स." मी ते फळ्यावर लिहिलं. अशा वाक्यात चुका कुठून येतात हे मला पाठ आहे. मराठीत आपण 'सोमवारपासून' म्हणतो आणि 'तीस वर्षांपासून'ही म्हणतो, दोन्हीला एकच 'पासून'. इंग्रजीत सुरुवातीचा क्षण सांगायचा तर 'सिन्स', कालावधी मोजायचा तर 'फॉर'. आणि आपलं 'बनवतोय' हे वर्तमानाचं रूप आहे. तीस वर्षांमागं सुरू झालेलं आणि आज चालू असलेलं काम मराठी सरळ वर्तमानात ठेवते. इंग्रजीला तिथं क्रियापदाचं वेगळंच रूप लागतं. म्हणजे काकांनी मराठीचा नियम अगदी चोख पाळला होता, फक्त भाषा दुसरी होती.

मी म्हटलं, "आय हॅव बीन मेकिंग."

काका अडले. "एका 'बनवतोय'ला तीन-तीन शब्द? त्यापेक्षा 'आय मेड' म्हणू का? नको, नको. 'मेड' म्हटलं तर गिऱ्हाइकाला वाटायचं धंदा सोडला."

एवढं त्यांनी स्वतःच ओळखलं याचं मला कौतुक वाटलं. 'हॅव' कशाला आणि 'बीन' कशाला, हे नवशिक्या बॅचला व्याकरणाच्या भाषेत सांगण्यात अर्थ नसतो. मी म्हटलं, मागं सुरू झालेलं अजून चालू आहे, एवढ्यासाठी ते दोन शब्द. काका क्षणभर थांबले आणि म्हणाले, "म्हणजे तार मघाशी छेडली, ती अजून वाजतीय." मग खाली बघून तीनदा पुटपुटले, "हॅव बीन मेकिंग, हॅव बीन मेकिंग." मी फळ्यावर त्यांच्या वाक्याखाली दुरुस्त वाक्य लिहिलं आणि पुढच्या विद्यार्थ्याकडं वळले.

दुपारी मुलांचे पेपर तपासायचे होते, त्यांना काही फळा लागला नाही. काकांचं वाक्य तसंच राहिलं.

संध्याकाळी ओईटीची बॅच. ही आरोग्य क्षेत्रातल्या लोकांसाठीची इंग्रजीची परीक्षा. तिच्यात नर्सला पेशंटच्या टिपणांवरून पत्र लिहायचं असतं. पाच मिनिटं वाचायला, चाळीस मिनिटं लिहायला, साधारण १८० ते २०० शब्द. ब्रिटनच्या नर्सिंग कौन्सिलला वाचन, ऐकणं आणि बोलणं यांत बी ग्रेड लागते, लेखनात सी प्लस चालते. तरी आमच्या मुली अडकतात त्या बहुतेक लेखनातच. पत्र सहा निकषांवर तपासलं जातं आणि व्याकरण-शब्दसंपदा हा त्यातला फक्त एक. बाकीचे असे, की पत्राचा हेतू लगेच कळतो का, हवं ते आलंय का, नको ते गाळलंय का, मांडणी आणि बाज त्या कामाला शोभतो का. सुरुवातीला सगळ्या जणी 'रिस्पेक्टेड सर'नं सुरू करतात आणि 'काइंडली डू द नीडफुल'नं संपवतात. वरिष्ठांशी अदबीनं बोलायची आपली सवय वाक्यावाक्यात येते आणि दोनशेतले तीस-चाळीस शब्द त्यातच जातात. ते काढायला मला तीन महिने लागतात.

त्या बॅचमधली सगळ्यात हुशार मुलगी आयसीयूत काम करते. युरोपीय परिषदेनं २००१ साली मांडलेल्या भाषाज्ञानाच्या सहा पातळ्यांच्या मापानं काका सगळ्यात खालच्या ए१वर, ही चौथी बी२ ओलांडून सी१च्या उंबरठ्यावर. दोन महिन्यांत तिच्या वहीतला लाल रंग जवळजवळ संपला होता. त्या दिवशीचं टिपण मीच तयार केलं होतं. ७२ वर्षांचे आजोबा, पाच वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसवलेला, तेव्हापासून ॲस्पिरिन सुरू. आता घरात पडून खुब्याचं हाड मोडलंय, शस्त्रक्रियेसाठी दुसऱ्या दवाखान्यात पाठवायचंय. तिनं पत्र मोठ्यानं वाचलं. नेटकं, एकही फालतू शब्द नाही. मधे वाक्य आलं, "ही टुक ॲस्पिरिन फॉर फाइव्ह इयर्स." मी मनात टिक करून पुढं ऐकू लागले.

मागच्या बाकावरून एकीनं हात वर केला. ती ऑपरेशन थिएटरमध्ये असते, इंग्रजी बेताचं. तिनं मराठीतच विचारलं, "गोळी कधी बंद केली?"

"बंद कुठं केली? चालूच आहे."

"पण तू 'टुक' म्हणालीस ना."

वर्ग एकदम गप्प झाला. कुणाला काही समजावून सांगावं लागलंच नाही, सगळ्या जणी नर्स. ॲस्पिरिन चालू असलेल्या पेशंटला जखमेतून रक्त जास्त जाऊ शकतं, भूल देणाऱ्या डॉक्टरांना ते आधी माहीत असावं लागतं. दुसरी बाजू अशी, की स्टेंट असलेल्या माणसाची गोळी अचानक सुटली तर गुठळी होण्याचा धोका. 'टुक' वाचणारा डॉक्टर गोळी थांबली आहे असंच समजणार आणि तिकडं कुणी ती लिहून देणार नाही.

ती मुलगी माझ्याकडं बघत होती. मग तिची नजर माझ्या मागं फळ्यावर गेली. काकांचं वाक्य तिथं होतं. "मॅडम," ती म्हणाली, "मी आधी असंच लिहायचे. ही इज टेकिंग, सिन्स फाइव्ह इयर्स. तुम्ही दर वेळी त्याला लाल गोल करायचात. हॅज बीन माझ्या हातून नेमकं बसायचं नाही. मग मी 'टुक' आणि 'फॉर' करून टाकलं. त्याला कधी गोल आला नाही."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, जसं झालं तसं तिनं सांगितलं. मला मात्र ते फार लागलं. सकाळी सातवी शिकलेल्या माणसाचं वाक्य व्याकरणात दोनदा चुकलं होतं, तरी ऐकणाऱ्याला खरी गोष्ट कळत होती. तीस वर्षं झाली आणि काम चालू आहे. 'मेड' म्हटलं तर गिऱ्हाईक फसेल हेही त्यांनीच मला सांगितलं होतं. संध्याकाळचं वाक्य व्याकरणात निर्दोष आणि पेशंटबद्दल साफ खोटं. आणि ते वाक्य माझ्याच लाल पेनानं घडवलेलं.

जॅकलिन शॅक्टर या संशोधिकेनं १९७४ साली नेमकं हेच दाखवलं होतं. चिनी आणि जपानी विद्यार्थी इंग्रजीतल्या संबंधदर्शक, म्हणजे 'हू', 'विच'नं जोडलेल्या, उपवाक्यांत फारशा चुका करत नाहीत, पण त्याचं कारण म्हणजे ते ती वाक्यं मुळात फारशी वापरतच नाहीत. फारसी आणि अरबी बोलणारे ती जास्त वापरतात, म्हणून त्यांच्या चुका जास्त दिसतात. मी हे शिकताना वाचलं होतं, परीक्षेत त्यावर लिहिलंही होतं. माझ्या वर्गात ते चालू असताना मात्र मला दिसलं नाही, कारण मी चुका मोजत होते आणि न केलेल्या चुका मोजता येत नाहीत.

तो तास मग पत्राचा राहिलाच नाही. मी काकांचं तारेचं वाक्य त्यांना सांगितलं. छेडली मघाशी, वाजतीय अजून. प्रत्येकीनं आपल्या वॉर्डातली एकेक गोष्ट सांगायची, मागं सुरू झालेली आणि अजून चालू असलेली, आणि शेजारणीनं फक्त एवढंच विचारायचं, "बंद झालं का?" ऑक्सिजन, सलाइन, डायलिसिस, एकीच्या आईचा गुडघा. आयसीयूतली मुलगी तीनदा अडखळली. चौथ्यांदा उठून फळ्यापाशी आली आणि काकांच्या दुरुस्त वाक्याखाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं, "ही हॅज बीन टेकिंग ॲस्पिरिन फॉर फाइव्ह इयर्स." नंतर थोडं थांबून पुढं जोडलं, "अँड इज स्टिल टेकिंग इट." परीक्षेत हे जास्तीचे शब्द ठरतील का, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, राहू देत.

रात्री तिची जुनी वही घरी घेऊन बसले. शेवटच्या दीड महिन्यात 'फॉर' असलेली साध्या भूतकाळातली वाक्यं नऊ निघाली, सगळ्यांवर माझी टिक. त्यातलं एक तिनं स्वतःची ओळख करून देताना लिहिलेलं होतं, "आय वर्क्ड इन आयसीयू फॉर फोर इयर्स." मी एकही टिक खोडली नाही. प्रत्येकीच्या शेजारी पेन्सिलनं लिहिलं, "हे अजून चालू आहे का?" दुसऱ्या दिवशी वही तिच्या हातात दिली. परत आली तेव्हा नऊपैकी सात ठिकाणी तिनं लिहिलं होतं, हो.