घाट चढताना थंड, उतरल्यावर गरम

१२ टायरची गाडी, ६ सिलिंडरचं टर्बो डिझेल इंजिन, बीएस-३. कोल्हापूरकडून साखरेची पोती भरून न्हावाशेवा बंदरात जायची, येताना मिळेल तो माल. कराडजवळच्या आमच्या गॅरेजात ती आली तेव्हा सोबत बिलांची एक पिशवीच होती. रेडिएटरचं रॉडिंग (नळ्या सळईने साफ करणं), नवा पाण्याचा पंप, नवा थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह), मग तोच थर्मोस्टॅट काढून टाकल्याची मजुरी, आणि शेवटी हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उतरवून फेसिंग (ते घासून सपाट करणं) आणि त्याखालचं नवं हेड पॅकिंग. एवढं होऊनही गाडी पाणी फेकत होती.

ड्रायव्हरमामांचं म्हणणं असं: "मिस्त्री, घाट चढताना काटा हलत नाय बघा. बोरघाट उतरून खोपोलीला आलो की पाणी फेकती, आन् पनवेलच्या आत काटा लाल."

निम्मं निदान या बोलण्यातच होतं. रेडिएटर चोंदलेला असो, पंख्याला फिरवणारा व्हिस्कस क्लच सुटत असो की पंपाचा इंपेलर (पाणी ढकलणारं चक्र) झिजलेला असो, ही दुखणी चढावर उघडी पडतात. भरलेली गाडी, खालचा गियर, वेग नाही म्हणून समोरून वारा नाही, आणि डिझेल पूर्ण. कात्रजच्या नव्या बोगद्यापर्यंतच्या चढावर ज्या गाडीचा काटा जागचा हलत नाही, तिचा रेडिएटर आणि पंप बहुतेक ठीकच असतात. बोरघाट उतरताना तर पाय अॅक्सिलरेटरवर नसतोच, इंजिनात डिझेल नावापुरतं जातं. मग उतारावर राबणारं आणि चढावर विसावा घेणारं गाडीत आहे काय? ब्रेक. आणि ब्रेकला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर.

हा कॉम्प्रेसर इंजिनालाच बसवलेला असतो आणि गियरवर फिरतो. ऑइल इंजिनाचंच घेतो, आणि त्याच्या हेडला थंड ठेवणारं पाणीही ब्लॉकमधून येऊन परत इंजिनात जातं. म्हणजे त्याच्या हेडमध्ये एका बाजूला ८ बारची हवा, दुसऱ्या बाजूला ०.७ बारच्या कॅपखालचं पाणी, आणि मध्ये धातूची पातळ भिंत व एक पॅकिंग. ती भिंत तडकली की हवा पाण्यात घुसते. रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे दिसतात, आणि बुडबुडे दिसले की हेड पॅकिंग गेलं, हे आपल्या लाइनीत ठरूनच गेलंय.

मामांनी जुनं हेड पॅकिंग सीटमागे ठेवून दिलं होतं, ते फार कामाला आलं. सिलिंडरचा गॅस पाण्यात जात असेल तर पॅकिंगच्या रिंगेपासून पाण्याच्या भोकाकडे जाणारी काळी वाट उमटलेली असते. इथे सहाच्या सहा रिंगा सगळीकडून एकसारख्या दाबलेल्या होत्या, काळा डाग कुठेही नाही. काढलं तेव्हाही ते पॅकिंग धडधाकट होतं.

तरी थेट कॉम्प्रेसरवर उडी मारायची नसते. गाडी रात्रभर थंड होऊ दिली. सकाळी रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावून ०.७ बार दाब दिला. १५ मिनिटांत काटा उतरला नाही, म्हणजे बाहेर गळती नव्हती. कॅपही त्याच पंपावर तपासलं. कॅपकडे कुणी बघत नाही, पण साधं पाणी ०.७ बारखाली साधारण ११५ अंशांना उकळतं, आणि कॅप गळकं असेल तर १०० ला. हे कॅप बरोबर ०.७ ला उघडत होतं. रेडिएटर आणि इंटरकूलरच्या फटीत बगॅसचा, म्हणजे उसाच्या चिपाडाच्या भुशाचा, पातळ थर सापडला. साखर कारखान्याच्या आवारात रांगेत थांबणाऱ्या गाड्यांना तो लागतोच. पंख्याच्या बाजूने पुढच्या दिशेला हवा मारून तो काढला. समोरून मारली तर भुसा जाळीत आणखी घट्ट बसतो. पण एवढ्याशा थराने गाडी पाणी फेकत नाही.

मग खरी परीक्षा. चाकांना ठोकळे लावले, हवेच्या सगळ्या टाक्यांचे ड्रेन कॉक उघडून काटा शून्यावर आणला, कॉक परत बंद केले. रेडिएटरचं कॅप काढून तोंडापर्यंत पाणी भरलं आणि थंड इंजिन चालू केलं. सुरुवातीला पाणी नुसतं थरथरत होतं. डॅशबोर्डवरचा हवेचा काटा ३ बारच्या पुढे सरकला तसे बारीक बुडबुडे यायला लागले. ६ ला ते मोठे झाले, पाणी उसळून बंपरवर सांडायला लागलं. ८ बारला अनलोडरने (टाक्या भरल्या की कॉम्प्रेसरला मोकळं फिरू देणारा व्हॉल्व्ह) 'फस्स' करून हवा सोडली, आणि काही सेकंदांत पाणी सपाट. रेस १,५०० आरपीएमवर धरली, तरी बुडबुडा नाही. मामांना ब्रेक दाबत राहायला सांगितलं. काटा ७ च्या खाली आला, कॉम्प्रेसर परत हवा भरायला लागला आणि तोंडाशी पुन्हा उकळी फुटावी तसं पाणी हललं. सिलिंडरच्या गॅसला अनलोडरच्या आवाजाशी काय देणंघेणं? इंजिन चालू आहे तोवर तो येतच राहतो आणि रेस वाढवली की वाढतो.

खातरजमेसाठी कॉम्प्रेसरचे पाण्याचे दोन्ही होज काढून, ब्लॉककडची तोंडं बुच मारून बंद केली. टाकीचा कॉक उघडाच ठेवला, कारण पाण्याशिवाय कॉम्प्रेसरवर दाब चढू द्यायचा नाही. हा प्रयोग ४-५ मिनिटांपेक्षा जास्त करू नये, आणि गाडी जागची हलवायची तर अजिबात नाही, ब्रेकला हवाच नसते. बुडबुडा एकही आला नाही. पण लोडवरच गळणारं हेड पॅकिंगही असतं, ते उभ्या गाडीत गप्प बसतं. म्हणून इंजेक्टर काढून एकेक सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर (पिस्टन सगळ्यात वर, व्हॉल्व्ह बंद) आणला, भोकातून ६ बार हवा दिली आणि रेडिएटरच्या तोंडाकडे लक्ष ठेवलं. पाणी सहाही वेळा शांत. कार्बन डायऑक्साइड लागला की पिवळं पडणारं निळं द्रव काही जण वापरतात. कॉम्प्रेसरच्या हवेने ते निळंच राहतं. पण डिझेल इंजिनात आयडलिंगला तसाही कार्बन डायऑक्साइड कमी असतो, त्यामुळे नुसत्या त्या रंगावर हेडचा निकाल लावू नये.

कॉम्प्रेसरचं हेड उतरवलं. दाबलेली हवा बाहेर सोडणाऱ्या डिलिव्हरी व्हॉल्व्हच्या सीटपासून पाण्याच्या वाटेपर्यंत केसासारखी चीर होती, डिझेलने पुसून खडू फासल्यावर स्पष्ट दिसली. नवं हेड लावून गाडी सोडता आली असती, पण महिन्या-दोन महिन्यांत तेही तडकलं असतं. कॉम्प्रेसरपासून एअर ड्रायरकडे (हवेतला ओलावा काढणारा डबा) जाणारा डिलिव्हरी पाइप काढला तर आत कार्बनचा इतका जाड थर की पेन्सिल जेमतेम जाईल. डॅशबोर्डवर ८ बार दिसत असताना हेडमध्ये दाब आणि उष्णता त्याहून कितीतरी जास्त होती. कार्बन साचतो कारण कॉम्प्रेसर तापतो आणि त्याच्या रिंगांमधून येणारं ऑइल जळतं. आणि कॉम्प्रेसर एवढा तापतो कारण त्याला उसंतच मिळत नाही.

उसंत का मिळत नव्हती? इंजिन बंद करून १० मिनिटं थांबलो, हवेचा काटा हलला नाही. मामांना ब्रेकवर पाय दाबून बसवलं, तर काटा डोळ्यांदेखत उतरायला लागला. साबणाच्या पाण्याने मागच्या एका ब्रेक चेंबरवर (हवेच्या दाबाने चाकाचा ब्रेक लावणारा डबा) फेस आला: आतला डायफ्रॅम, म्हणजे रबरी पडदा, फाटलेला. ब्रेक दाबला तरच गळणार. चढावर ब्रेक नाही, गळती नाही, कॉम्प्रेसर अनलोड. बोरघाट उतरताना ब्रेकवर ब्रेक, खालच्या गियरमुळे आरपीएम चढलेले, आणि कॉम्प्रेसर अखंड लोडवर. चिरेतून हवा पाण्यात जाते, ०.७ चं कॅप उघडतं, कूलंट बाहेर. खोपोलीत पोचेपर्यंत कित्येक लिटर कमी झालेलं असतं. उरलेल्यात हवा, आणि पंपाला हवा ढकलता येत नाही. पनवेलकडे रेस दिली की काटा लाल. मधूनच काटा एकदम खाली पडतो, ते तर जास्त धोक्याचं: सेन्सर हवेत सापडलेला असतो आणि ड्रायव्हरला वाटतं गाडी निवळली.

काम असं केलं. कॉम्प्रेसरचं हेड, व्हॉल्व्ह प्लेट, पॅकिंग आणि रिंगा नव्या. डिलिव्हरी पाइप नवा. कार्बन जाळून जुना परत लावणं परवडत नाही. एअर ड्रायरचं कार्ट्रिज नवं, कारण जुन्यातून गोडसर वासाचं हिरवट पाणी निघालं: इंजिन बंद झाल्यावर गरम कूलंटचा दाब उलट कॉम्प्रेसरमध्ये शिरत होता. त्यामुळे इंजिनाच्या तळच्या चेंबरमधलं ऑइलही पाहिलं. ते दुधाळ नव्हतं, म्हणजे त्यात पाणी मिसळलं नव्हतं, नशीब. ब्रेक चेंबरचा डायफ्रॅम अर्थातच बदलला.

थर्मोस्टॅट परत बसवला. तो काढला की गाडी थंड राहते हा समज काही जाता जात नाही. थर्मोस्टॅट पूर्ण उघडला की बायपासची वाट बंद करतो. तोच नसेल तर गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनातच फिरतो. दर वेळी बोअरचं पाणी ओतून आतून गंज धरला होता, म्हणून सिस्टिम धुऊन घेतली. मग कूलंट आणि डिमिनरलाइज्ड पाणी निम्मं-निम्मं करून, ब्लीड स्क्रू उघडा ठेवून, सावकाश सुमारे २५ लिटर भरलं.

पुढच्या खेपेला भरलेली गाडी खोपोलीला उतरली तेव्हा मामांनी फोन केला: एक्सपान्शन टँकची पातळी खुणेवर, बंपर कोरडा. हेडवर झालेल्या खर्चाचं काय, असं मालकांनी मला विचारलं. त्यावर मी काय बोलणार? तो चोंदलेला डिलिव्हरी पाइप तेवढा ते कागदात गुंडाळून घेऊन गेले, आधीच्या गॅरेजात दाखवायला.