अर्धा सूर खाली

"मास्तर, अर्धा सूर खाली घ्या." ध्रुवपद संपताच गायक एवढंच म्हणाला. मी वरातीच्या बँडचा मास्तर. बाळीवेशीतून निघालेल्या वरातीतली त्यानंतरची दोन मिनिटं अजून माझ्या डोक्यातून जात नाहीत.

मे महिना, संध्याकाळचे सात. गायकाची त्या दिवसातली तिसरी वरात, तीही मराठी, तेलुगू, कन्नड तिन्ही गाणी म्हणत. सोलापुरात त्याशिवाय भागत नाही. गाणं काळी दोनमध्ये, म्हणजे पेटीच्या दुसऱ्या काळ्या पट्टीला सा धरून, बसवलेलं आणि तार (वरच्या सप्तकातल्या) गंधारावर त्याचा आवाज फाटत होता. मागणी रास्तच होती. कीबोर्डवाल्याने ट्रान्सपोजचं, म्हणजे सगळी पट्टी अर्धा सूर सरकवणारं, बटण एकदा दाबलं, त्याचं काम झालं. फुंकवाद्यांना असं बटण नसतं, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

आमची वाद्यं कीबोर्डपेक्षा वेगळ्या सुरात बांधलेली असतात. फ्लॅट म्हणजे अर्धा उतरलेला सूर, शार्प म्हणजे अर्धा चढलेला; ते जितके जास्त तितकी बोटं अवघड. शुद्ध स्वरांचं गाणं काळी दोनमध्ये असेल तर बी फ्लॅट क्लॅरिनेट आणि ट्रंपेटला बोटं एफची पडतात, एकच फ्लॅट. आल्टो सॅक्सोफोनला तर सरळ सी. अर्धा सूर उतरून पांढरी दोन धरली की क्लॅरिनेटला ई येतो, चार शार्प. आल्टोला बी, पाच शार्प. आणखी अर्धा उतरून काळी एक घेतली तर क्लॅरिनेटला तीन फ्लॅट आणि आल्टोला दोनच. म्हणजे गायकाला जो बदल सगळ्यात लहान वाटतो, तोच आमच्या बोटांना सगळ्यात जड.

पांढरी दोनमध्ये क्लॅरिनेटवर मध्य सप्तकातले प, ध, नी तिन्ही करंगळ्यांवर येतात. प आणि ध दोन्ही हातांना मिळतात, नी फक्त उजव्या. म्हणून प उजवीने, ध डावीने, नी पुन्हा उजवीने. प डावीने धरला की ध उजवीवर जातो आणि नीसाठी तीच करंगळी एका चावीवरून दुसरीवर घसरवावी लागते. तान तिथेच तुटते. ट्रंपेटवर मंद्र (खालच्या सप्तकातला) धैवत तिन्ही पिस्टन दाबून निघतो आणि मुळातच चढा लागतो. तिसऱ्या पिस्टनची स्लाइड बाहेर ढकलून तो उतरवायचा. तेल न मिळाल्याने ती स्लाइड जाम झालेली ट्रंपेट मी कितीतरी पाहिली आहेत. त्यात उन्हाळा. हवेत ध्वनीचा वेग २० अंशांना सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, ४० अंशांना ३५५. त्यामुळे फुंकवाद्यं चढतात आणि कीबोर्ड ४४० हर्ट्झच्या ठरलेल्या सुरावरच राहतो. तेवढ्यासाठी बॅरल (क्लॅरिनेटचा मुखाजवळचा तुकडा) आणि स्लाइड निघतानाच बाहेर ओढून ठेवल्या होत्या.

बटण दाबताच कीबोर्ड एका पट्टीत, आम्ही दुसऱ्या. दोन मात्रांत चिखल झाला. युफोनियमवाल्याने (खालचे सूर धरणारं मोठं पितळी वाद्य) त्याच क्षणी तोंडचं वाद्य खाली घेतलं. त्या दिवसातलं सगळ्यात मोठं कसब मी त्यालाच म्हणतो, कारण खालचा सूर चुकला की वरचं कुणीच सावरू शकत नाही. आल्टोवाल्या काकांनी नवा षड्ज कानाने शोधला आणि फक्त सा आणि प लांबवत राहिले. ट्रंपेटवरचा पोरगा मात्र पाठ केलेली बोटं आणखी जोरात फुंकू लागला. दोष त्याचा नाही. त्याला चाल बोटांनी शिकवली, सुरांनी नाही. बँडमालक दिव्यांच्या गाडीवर आणि गणवेशावर खर्च करतात. कपात होते ती तालमीत.

अंतऱ्याआधी ढोल-साइड ड्रमचा १६ मात्रांचा तुकडा होता. मी दोन बोटं खाली दाखवली, म्हणजे मूळ पट्टीपासून दोन अर्धे सूर खाली. वाजवणाऱ्यांनी न सांगता तुकडा ३२ मात्रांचा केला. तेवढ्यात सगळ्यांनी न फुंकता नवी बोटं फिरवून पाहिली, कीबोर्डवाल्याने बटण आणखी एकदा दाबलं आणि समेवर सगळे काळी एकमध्ये आले.

बँड सावरला. पण त्या अंतऱ्यात मंद्र पंचम आहे. पट्टी इतकी उतरल्यावर गायकाचा तो सूर ढोलाखाली गेला, ऐकूच आला नाही. तो काही बोलला नाही, पण पुढची दोन्ही गाणी त्याने लवकर आटोपली.

आता प्रत्येक गाणं तालमीत काळी दोन आणि काळी एक, दोन्हींत बसवतो. तरी त्या दिवशीचा निर्णय बरोबर होता का, हे ठरत नाही. परतताना युफोनियमवाला म्हणाला, "एक कडवं आम्हाला गप्प बसवायचं की, मास्तर. कीबोर्ड होता, ढोल होता. गायलं असतं की त्यांनी."