मेन बंद केला, तरी डीबीत करंट असतोच

डीबीतला (घरभर वीज वाटणाऱ्या स्विचबॉक्समधला) मेन स्विच पाडला की पुढचे एमसीबी (जादा करंट आला की आपोआप पडणारे छोटे स्विच) मरतात, पण मीटरकडून येणाऱ्या वायरी ज्या स्क्रूंना बसवलेल्या असतात तिथे २३० व्होल्ट तसेच राहतात. म्हणून झाकण उघडण्याआधी तळमजल्यावरच्या मीटररूममध्ये जाऊन आपल्या मीटरपुढचा कटआउट (फ्यूज) किंवा स्विच बंद करा आणि तिथे चिठ्ठी चिकटवा. नाहीतर शेजारी ‘लाइट गेली वाटतं’ म्हणत तो चालू करतो! मीटरचं सील मात्र तोडायचं नाही, ते काम वीजकंपनीचं.

घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा. मेन पाडल्यावर त्याच्या लाइनवर तो उलट वीज सोडत राहतो.

नुसत्या टेस्टरवर विसंबू नका. मल्टिमीटर आधी चालू पॉइंटवर तपासा, मग डीबीत फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ बघा आणि शेवटी परत चालू पॉइंटवर. मल्टिमीटरच बिघडला असेल तर ‘शून्य’ खोटं असतं.

एमसीबी वारंवार पडतो म्हणून मोठा बसवणं ही सगळ्यात घातक सवय. दीड स्क्वेअर एमएमच्या वायरीवर ३२ अँपिअरचा एमसीबी लावला, तर तो पडण्याआधी वायरच तापून वितळते. ढिल्या स्क्रूचंही तसंच: तिथला प्लास्टिकचा भाग पिवळा-काळा पडतो.

३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट अर्थकडे गळला की वीज तोडणारा स्विच) हवाच, पण एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल आला तर तो पडत नाही. पावसाळ्यात भिंत ओली असेल तर काम पुढे ढकला.