बद्द आवाज

ती चिठ्ठी अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. खोली क्र. ४, दुपारी १.४०, 'एसी, गीझर, गळती, भिंती – ठीक', आणि खाली माझी सही. हाउसकीपिंगची चिठ्ठी वेगळी असते, पण माझी सही झाल्याशिवाय फ्रंट ऑफिस किल्ली देत नाही. अकराला चेकआउट, दोनला चेकइन, मधल्या तीन तासांत सगळं उरकायचं.

मी सावंतवाडीचा. पणजीत फोंताइन्हासमधल्या एका लहान हॉटेलात मेंटेनन्स बघतो. नऊ खोल्या, जुनं पोर्तुगीज वळणाचं घर, चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, दीड हात जाड भिंती, वर मंगलोरी कौलं, दोन खिडक्यांना अजून शिंपल्यांची तावदानं. फ्रंट ऑफिसची मुलं पाहुण्यांना १८४३ साली पणजी राजधानी झाली इथपासून सुरू करतात. पूर्वी दर पावसाळ्यानंतर घराला रंग काढावाच लागे, पांढरा रंग फक्त चर्चला, वगैरे. ते ऐकून पाहुणे निळ्या भिंतीपुढे उभे राहून फोटो काढतात. समोरच्या आजींनी वैतागून दारावर 'फोटो काढू नये' अशी पाटी लावली आहे, तर त्या पाटीचाही फोटो काढतात.

पायाखाली काय आहे ते कुणी सांगत नाही. मागे आल्तिनोची टेकडी, पुढे ओरें खाडी. टेकडीत मुरलेलं पाणी जमिनीखालून पायथ्याला येतं, फोंते फेनिक्सची झर त्यातलीच. मूळची ही माडांची बाग. या घरांच्या पायात ओल अडवणारा थर नाही, तेव्हा तशी पद्धतच नव्हती. चिरा पाणी शोषतो आणि ओल भिंतीतून कंबरेपर्यंत चढते. जुन्या लोकांना हे ठाऊक होतं, म्हणून आतून-बाहेरून चुन्याचा गिलावा. चुन्यातून ओल बाहेर पडते, एप्रिल-मेमध्ये भिंत सुकते. दर दोन-चार वर्षांनी खालचा हातभर गिलावा खराब होतो, तेवढाच काढून नवा करायचा. म्हणजे गिलाव्याने मरायचं आणि चिरा वाचवायचा.

हॉटेलात हे चालत नाही. डागाचा फोटो निघतो. बाहेरच्या दर्शनी बाजूला हात लावायचा तर परवानगी लागते, कागद फिरतात, आत मात्र कोण बघतंय? दोन वर्षांपूर्वी सीझनच्या तोंडावर ठेकेदाराने ४ नंबरच्या भिंतीचा चुना खरवडून सिमेंटचा गिलावा मारला, वर वॉटरप्रूफ रंगाचे दोन हात. चार दिवसांत खोली विक्रीला. भिंत आरशासारखी. तेव्हा मीही काही बोललो नाही. बोललो असतो तर ऐकलं असतं असंही नाही, पण बोललो नाही हे खरं.

त्या दिवशी जुलैतला तिसरा आठवडा, सकाळपासून धो धो. मी ४ नंबरमध्ये गेलो, वास नेहमीचाच. सवयीने किल्लीच्या मुठीने भिंत ठोकत गेलो. चांगला गिलावा टणक वाजतो, आवाज छोटा आणि कोरडा. सुटलेला बद्द वाजतो, रिकाम्या माठासारखा. बेडच्या उशाकडे, जमिनीपासून चार फुटांवर, परातीएवढा भाग बद्द वाजला. पुन्हा ठोकलं. पुन्हा बद्द. दिसायला काही नाही. रंगावर एक केसाएवढी चीर, आणि तिच्या कडेला मिठासारखं पांढरं. लोणा, म्हणजे ओलीबरोबर वर आलेला क्षार.

तेवढ्यात पाहुणे दारात. पुण्याचे काका-काकू, लग्नाची चाळीस वर्षं साजरी करायला आलेले, मुलीने बुकिंग करून दिलेलं. फ्लाइट लवकर पोचली म्हणून थेट वर आले. काकूंनी विचारलं, "काय ऐकताय हो भिंतीत?"

मी म्हणालो, "काही नाही काकू, जुनं घर आहे ना, सवय."

खाली जाऊन सही केली. हॉटेल भरलेलं होतं. ४ नंबर बंद करतो म्हटलं असतं तर जीएमसाहेबांनी आधी विचारलं असतं, दिसतंय का काही? दिसत नव्हतं. गिलावा बद्द वाजतो आणि वर्षानुवर्षं तसाच राहतो, हेही मी पाहिलं आहे. आमच्या जिन्यातला राहिला आहे. हे मी त्या दिवसापासून स्वतःला बऱ्याचदा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला पोरगा धावत आला. काका-काकू चौकात नाश्त्याला पोई, म्हणजे इथला पाव, खात बसले होते. वर दोन बाय तीन फुटांचा गिलाव्याचा पापुद्रा अख्खा सुटून उशांवर पडला होता. बोटभर जाड, पाठीमागून ओला, त्यावर चिऱ्याची लाल माती आणि पांढऱ्या क्षाराची साय. एसी अठरावर. बाहेर दमट हवा, आत गार भिंत. ओल मागून आणि पुढूनही. चिऱ्याला हात लावला तर हाताला तांबडा गाळ लागला. बोटाने उकरता येत होता. दोन वर्षांत इतका.

काकूंना वर यायला नको म्हणत होतो, पण त्या आल्याच. उशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काल हाच आवाज ऐकत होतात का?"

"हो," म्हटलं.

त्या काही बोलल्या नाहीत. बेडच्या कडेला पडलेला चष्मा उचलला, पदराने पुसला आणि पर्समध्ये टाकला.

त्यांना ७ नंबर दिला, एका रात्रीचे पैसे परत, वर केक. केकवर आमच्या हॉटेलची भारी श्रद्धा. जीएमसाहेबांचं म्हणणं, संध्याकाळपर्यंत सिमेंट मारून घ्या, लवकर घट्ट होणारं काहीतरी येतं ना? त्यांना नावं ठेवत नाही. त्यांना महिन्याचा हिशेब द्यायचा असतो, भिंतीला नाही.

मी पेडण्याच्या मेस्तांना, म्हणजे जुन्या गवंड्यांना, बोलावलं. सत्तरी ओलांडलेली. पापुद्रा उलटा करून बघितला, चिऱ्यात नख रुतवलं आणि म्हणाले, "भिंत भिजांदे. तिका सुकूक वाट होयी." भिंत भिजू दे, तिला सुकायला वाट हवी. बस, एवढंच. मग उरलेलं सगळं सिमेंट काढायला लावलं, आणि नुसत्या ब्रशने लोणा झाडायला. पाण्याने धुवायचा नाही, धुतला की परत आत जातो. कळीचा चुना मागच्या पडवीत पिंपात मुरत घातला. पिंप उकळत होतं तेव्हा स्वयंपाकघरातली सगळी बघायला आली. गिलावा एकास तीन, बारीक धुतलेली वाळू, सिमेंटचा कण नाही, आणि तोही आता नाही. चुना हवेवर घट्ट होतो, ओल्या भिंतीवर पावसात लावला तर नुसता चिखल. "चवथ जावंदे," म्हणाले, गणेशचतुर्थी होऊ दे. म्हणजे खोली दोन महिने बंद. जीएमसाहेबांना सांगताना माझा आवाज पहिल्यांदाच चढला. सही उशिरा का होईना, नीट करावी असं काहीतरी डोक्यात असेल.

आता ४ नंबरला 'आउट ऑफ ऑर्डर'ची पाटी आहे. खिडक्या उघड्या, पंखा चालू, लाल चिरे उघडे. रोज सकाळी जाऊन तळवा लावून बघतो. कंबरेवर थोडं कोरडं वाटायला लागलंय.

काकांनी जाताना अभिप्रायाच्या वहीत लिहिलं. नाश्ता उत्तम, कर्मचारी तत्पर. पुढे असं: 'मेंटेनन्सचे गृहस्थ फार काळजीपूर्वक काम करतात. आम्ही आलो तेव्हाही भिंत तपासत होते.' खाली दोघांच्या सह्यांसाठी जागा होती. सही काकांची एकट्याचीच आहे.

जीएमसाहेबांनी त्या पानाची झेरॉक्स काढून स्टाफरूमच्या बोर्डावर लावली आहे, माझ्याबद्दलच्या ओळीखाली पिवळी रेघ ओढून.