तुम्ही विचारलंत म्हणून: विंच कुठली घेऊ?

साडेनऊ हजारची घेऊ की बारा हजारची? तारेची की दोराची? कंपनी कुठली? किती पडली?

माझ्या पिकअपच्या तोंडावर विंच दिसते, म्हणजे रुतलेली गाडी तार गुंडाळत ओढून काढणारं बॅटरीवरचं यंत्र, म्हणून पेट्रोल पंपावर, काजू फॅक्टरीच्या वजनकाट्यावर, एकदा तर मयताच्या घरी हेच चार प्रश्न याच क्रमाने मला विचारले गेलेत. मयताच्या घरीसुद्धा मी उत्तर दिलं. आता एकदाच लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या माणसाला हे वाचायला देऊन मला चहा पिता येईल.

कंपनी सांगणार नाही. तीस हजारांच्या आसपास मिळालेली साधी विंच आहे आणि ती आजही चालते. माझं जे काही झालं त्यात तिचा काडीचा दोष नाही, आणि नेमकं हेच तुम्हाला ऐकायचं नसतं.

आता आकडा. 9,500 म्हणजे ओढीचे पाउंड, किलोत साधारण 4,300. माझी पिकअप 2008 ची, टू-व्हील ड्राइव्ह, माल भरला की पावणेतीन टनांची. भरलेल्या गाडीच्या वजनाच्या दीडपट विंच घ्यावी, असा एक ठोकताळा आहे. तो मी लावला, जमला, आणि त्यानंतर वर्षभर मी लोकांना ऐकवत फिरलो, "चार टनांच्या वर ओढते, गाडी तीन टनांचीसुद्धा नाही, अजून काय होया?" त्या वेळच्या मला आज समोर बसवता आलं तर मी विचारीन, बाबा रे, हे चार टन ड्रमवरच्या, म्हणजे तार गुंडाळायच्या रिळावरच्या, कितव्या थराला? तो आकडा पहिल्या थराचा असतो, म्हणजे जवळजवळ सगळी तार सोडलेली असते तेव्हाचा. थर चढत जातात तसा घेर वाढतो आणि ओढ घटते. चौथ्या थरावर दोन तृतीयांशाच्या आसपास उरते. झाड आठ मीटरवर मिळालं की आपण खूश होतो, पण वीस मीटर तार ड्रमवरच असते आणि विंच तिथेच सगळ्यात दुबळी असते.

विजेचं दोन ओळींत. पूर्ण भाराला चारशे अँपिअर लागतात. जुन्या पिकअपचा डायनॅमो साठ-सत्तर देतो, बाकीचे बॅटरीतून जातात. इंजिन चालू ठेवायचं, मिनिटभर ओढायचं, मग थांबायचं. केबल वेल्डिंगची जाड घ्या, थेट बॅटरीच्या दोन्ही टोकांना जोडा, मध्ये कट-ऑफ स्विच टाका. अर्थिंग मी आधी बंपरच्या बोल्टला दिलं होतं. गंजातून करंट जाईना, केबलच्या टोकाचा लग एवढा तापला की वरचं रबर वितळून खाली टपकलं.

एवढं ऐकून झालं की माणसं वहीत "साडेनऊ हजार, वेल्डिंग केबल" असं लिहून निघून जातात. बसवणार कशावर, हे आजवर एकानेही विचारलेलं नाही.

विंचच्या बुडाला चार बोल्ट असतात, बहुतेकांची भोकं दहा इंच बाय साडेचार इंच या मापाची. बोल्ट 8.8 ग्रेडचे घेतले तर ते तुटत नाहीत. सगळा मामला त्यांच्याखालच्या पत्र्याचा आणि तो पत्रा ज्या चासीला धरलाय तिचा आहे. माझ्या आधी ही गाडी मालवणच्या बाजूला मासळीवर होती. रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याची, मासळी भरायला ती थेट किनाऱ्यावर वाळूत जायची. वरून रंग मारलेला होता. पुढे जिथे बंपर धरतो त्या चासीच्या टोकांच्या आत, खाऱ्या वाळूचा लगदा बारा वर्षं बसून होता. तो मला दिसला नाही असं मी म्हणायचो. खरं म्हणजे दिसला होता. कुडाळच्या फॅब्रिकेशनवाल्याने हातोडी मारून दाखवलं. उजव्या बाजूला टण्ण वाजलं, डाव्या बाजूला बद्द. तो म्हणाला, "चासी कुसलेली आसा. आतून पट्टी मारून मागे दोन फूट नेवक् होयी." पाच-सहा हजार जास्त आणि गाडी चार दिवस त्याच्याकडे. मी म्हटलं, आत्ता बसव, दिवाळीनंतर बघू.

पैसे नव्हते म्हणून, असं मी बरीच वर्षं सांगत आलो. पैसे होते. चासीच्या आत मारलेली पट्टी कुणाला दिसत नाही, विंच सगळ्यांना दिसते.

जुलै 2021. चिपळूणला पूर आला त्याच्या पंधरवडाभर आधीची गोष्ट. फोंडाघाटाच्या पायथ्याला आमची काजूची बाग आहे. वरच्या टप्प्यात वेंगुर्ला-4 आणि वेंगुर्ला-7 या जातींची नवी कलमं लावायची होती. कलमं पावसातच लावायची, आणि पावसात आमचा तो चढ म्हणजे साबण. जांभ्याची तांबडी माती वरून चिकट आणि खाली कातळ, टायर भरला की गुळगुळीत रूळ होतो. हौद्यात दोनशे कलमं, खताची पोती, वर ताडपत्री. गाडी अर्ध्या चढावर डाव्या अंगाला चाकोरीत बसली.

बरोबर दादा होता. माझा चुलतभाऊ, चार वर्षांनी मोठा. मी पुढच्या फणसाला पट्टा गुंडाळला, तार लावली, तारेवर ओलं गोणपाट टाकलं. हे सगळं नीट केलं, अगदी शिकवल्यासारखं. विंच ओढू लागली आणि थांबली. चाकोरीत पुढे जांभ्याचा एक चिरा रुतलेला होता, डावं चाक त्याला जाऊन टेकलं होतं. चिरा खणून काढायला अर्धा तास लागला असता. पाऊस वाढत होता. मला कप्पी आठवली.

कप्पी लावली की ओढ दुप्पट होते हे सगळ्यांना ठाऊक असतं. फणसाला कप्पी, तार तिच्यातून फिरवून परत गाडीकडे. पण परत आणलेलं टोक अडकवायचं कुठे? गाडीचा मूळचा हूक चिखलाखाली गेला होता. वर, डोळ्यांसमोर, विंचच्याच पत्र्याला डाव्या बाजूला एक कडी होती. मी तिथे अडकवलं.

हे वाक्य मी दहा वेळा लिहून खोडलं आहे. एका तारेने ओढताना त्या पत्र्यावर एका तारेचा भार येतो. टोक त्याच पत्र्याला आणून अडकवलं की दोन्ही तारांचा भार त्याच पत्र्यावर येतो. त्यात कप्पीसाठी तार दुप्पट सुटलेली, म्हणजे ड्रम खालच्या थरावर आलेला, म्हणजे प्रत्येक तारेची ओढही वाढलेली. सहा-साडेसहा टन निघू शकतात. आणि कडी होती बद्द वाजलेल्या बाजूला.

दादा मागे होता. गाडी वितभर पुढे सरली की मागच्या चाकाला दगड लावायचा, हे काम आमच्याकडे कुणीतरी करतंच. त्याने एकदा हाक मारली, "रे थांब, माका ह्या बरा दिसत नाय." मी म्हटलं, "झाला, झाला, इली गाडी." गाडी खरंच येत होती. डावं चाक चिऱ्यावर चढत होतं.

आवाज झाला तो तार तुटल्याचा नव्हता. ओला टॉवेल फाडावा तसा होता. डावं टोक चासीतून निघालं, पत्रा विंचसकट उजवीकडे फिरला, तार सैल पडली. गोणपाटामुळे ती जागेवर पडली, काचेला ओरखडासुद्धा नाही. गाडी मागे गेली, दहा-बारा फूट. मी ब्रेकवर उभा होतो, पण त्या मातीवर ब्रेक लागून काय होणार? दादा बाजूला उडी मारता मारता दगड टाकत होता. उजव्या हाताची मधली दोन बोटं दगड आणि टायर यांच्यात गेली.

कणकवलीला मलमपट्टी, तिथून ओरोसच्या इस्पितळात. दोन्ही बोटांची पहिली पेरं काढावी लागली. गाडीत तो एकदाच बोलला, "इंजिन बंद केलंस मा?" मी केलं नव्हतं. पिकअप तिथेच चढावर, चालू, दिवे लावलेली होती. आम्ही शेजाऱ्याच्या ओमनीतून निघालो होतो. रात्री कुणीतरी जाऊन बंद केली.

यावर लोक म्हणतात, तो मागे उभा कशाला राहिला? नियमच आहे, ओढताना मागे-पुढे कुणी नको. बरोबर आहे. पण हे मला सांगू नका. तो माझ्या सांगण्यावरून उभा होता, त्याला नको वाटत असताना. शिवाय चढावर भरलेली गाडी दगड न लावता ओढायची कशी, याचं उत्तर तुम्हीही देत नाही. आज मी लांब दांड्याला लाकडी पाचर बसवून घेतली आहे, ती बाजूला उभं राहून सरकवता येते. पन्नास रुपयांचं लाकूड आहे. ते आधी का सुचलं नाही, मला माहीत नाही.

नंतर त्याच फॅब्रिकेशनवाल्याकडे गेलो. तो "मी सांगलेलं" असं म्हणाला नाही, ते जास्त लागलं. दोन्ही टोकं चांगल्या लोखंडापर्यंत कापली, आतून आठ मिलिमीटरची पट्टी, बोल्ट आरपार, आत नळीचे तुकडे, म्हणजे आवळताना चासी चेपत नाही. परतीच्या तारेसाठी स्वतंत्र हूक, थेट चासीला, उजवीकडे. तार काढून सिंथेटिक दोर घातला. दोर हलका, तुटला तरी तारेसारखा मारत नाही. पण जांभ्यावर घासला की भुसा होतो आणि उन्हात कुजतो, म्हणून कव्हर शिवून घेतलं. तार बरी की दोर, यावर मी अजून पक्का नाही. माझा अपघात तारेमुळे झालाच नव्हता, तरी ती काढल्यावर मला बरं वाटलं. का, ते विचारू नका.

आणि कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये असे बदल बसत नाहीत, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. जुन्या मालवाहू गाडीला पासिंग दरवर्षी. पासिंगच्या आधी मी सगळं खोलतो. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही. विंच आता फक्त जून ते ऑक्टोबर लावलेली असते, तेसुद्धा कायद्याच्या धाकाने कमी आणि रेडिएटरसमोर चाळीस किलोचं धूड ठेवून घाट चढताना काटा लाल होतो म्हणून जास्त.

शेवटचा प्रश्न कुणी तोंडावर विचारत नाही, माझ्या बायकोला विचारतात: गरज होती का? खालच्या वाडीत ट्रॅक्टर आहे, हजार रुपयांत येतो. हाताने ओढायचा तीन टनी पुलर आठ-दहा हजारांत मिळतो, त्याला बॅटरी लागत नाही आणि तो सावकाश ओढतो म्हणून माणसाला विचार करायला वेळ मिळतो. मग मी का नाही घेतला? पाऊस असताना ट्रॅक्टरवाला फोन उचलत नाही, हे माझं कारण. ते खरं आहे. त्या दिवशी मी त्याला फोन केलाच नव्हता, हेही खरं आहे.

या जूनमध्ये विंच परत चढवली. दादा आला होता. उजव्या बाजूचे बोल्ट मी आवळले. डाव्या बाजूला त्याने मला हात लावू दिला नाही. पाना तो आता अंगठा आणि तर्जनीत धरतो, तळव्याने दाबतो. शेवटच्या बोल्टला अर्धा फेरा जास्त दिला. इतकं आवळायचं नसतं. मी काही बोललो नाही.